खालच्या आर्मचा मागचा बोल्ट

वस्ती, ता. वडवणी
मंगळवार, ५ मार्च २०२४

आप्पा,

वर 'तीर्थरूप' लिहू का नको, साष्टांग नमस्कार घालू का नको, ह्यातच अर्धा तास गेला. म्हणून नुसतं आप्पा.

काल संध्याकाळी फोन केलता. तुमी उचलला, मी "आप्पा" म्हणाले आन् तुमी गप्प. मागं गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत व्हतं, तेवढं ऐकू आलं. मग फोन बंद. नऊ वर्षांमागं मी मेंढरंवाल्याशी लगीन केलं म्हणून परळीला वैजनाथाच्या पायरीवर बेलाचं पान हातात घेऊन तुमी शपथ घेतली, की ह्या लेकीशी तोंडानं बोलणार न्हाई. मला वाटलं व्हतं एवढ्या दिवसांत कुठंतरी सैल पडलं असंल. पण तुमी बंकट मिस्त्री. तुमचा आटा एकदा आवळला की आवळला.

तर हे पत्र. शपथ तोंडाची हाय, हाताची न्हाई. केज-वडवणी एसटीचे कंडक्टर सुग्रीवमामा सकाळी साडेदहाला आमच्या फाट्यावर असतात, चारला माघारी केजला जातात. उत्तर त्यांच्याजवळ द्या.

आता गाडीचं. आमच्याकडं बावीस वर्षांची पांढरी सुमो हाय. चार वर्षांमागं ह्यांनी वडवणीच्या भागवतनानांकडून घेतली. चालवते मीच. हे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेलेत, ते पावसाच्या तोंडावर येतील. फोन लागला तर लागला. घरात मी आन् सासूबाई, दोघीच. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं नाव कडूबाई. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईबापानं त्यांचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंड लावू नये म्हणून. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवारी आन् गुरुवारी बीडला डायलिसिस. ह्या गाडीनं नेताना दीड वर्षात एक खेप चुकली न्हाई.

काल बीडहून येताना कच्च्या रस्त्याला डावं पुढचं चाक आत कललं आन् खालून खडखड सुरू झाली. बैलाच्या चालीनं वस्तीवर आणली. खालच्या आर्मचं मागचं रबराचं बुश पार फाटलंय, चाक धरणारा आर्म हातानं हालतोय. वडवणीचा मिस्त्री बघून गेला. तो म्हणतो, बुश बदलायला मागचा बोल्ट काढावा लागंल, आन् तो गंजून बसलाय. तिथं पाना जात न्हाई, हात जात न्हाई. गॅसनं कापायचा तर शेजारून डिझेलचा पाइप. मी न्हाई हात लावत, म्हणला.

परवा गुरुवार. तो बोल्ट कसा काढायचा तेवढं सांगा. लेक म्हणून विचारत न्हाई. गिऱ्हाईक म्हणून विचारते.

योगिता


केज, धारूर रोड
बुधवार, ६ मार्च

गाडीमालकास,

पत्र मिळालं. गाडीशिवाय दुसरं काई लिहू नये.

बोल्ट बसला म्हंजी मेला न्हाई. त्याला टाइम द्यावा लागतो. डिझेल आन् जळकं ऑइल निम्मंनिम्मं करा आन् दर दोन तासाला बोल्टाच्या दोन्ही टोकांना पाजा. मधीमधी हातोडीनं हलकं ठोका, जीव घेतल्यावानी न्हाई. दार वाजवल्यावानी.

गाडी सपाट जागी घ्या. तिकडं तुमच्याकडं काळी माती, जॅक आत जातो. खाली रुंद फळी पायजे. चेसीखाली लाकडाचे ओंडके लावा. विटा लावू नये, वीट दगा देती. दुसरा जॅक आर्मखाली, त्यानं आर्म थोडा उचलून धरायचा. त्या आर्मात अख्ख्या गाडीचा ताण असतोय. बोल्ट निघाला की आर्म झपकन खाली येतो, मधी काय हाय ते बघत न्हाई.

एकोणीसचा रिंग पाना घ्या, मागं दोन हात लांब पाइप घाला. ह्या गाडीला डोकं मागच्या अंगाला आन् नट पुढच्या अंगाला असतोय. नट फिरवायचा, डोकं धरायचं. तुमच्या गाडीत कसं हाय ते आरशात बघून लिहा. बोल्टावर काई खूण असंल तर तीबी लिहा.

बंकट मिस्त्री

ता.क. बायामाणसांनी गाडीखाली जाऊ नये असं मी कवाच म्हणलं न्हाई. पदर खोचून जावं.


वस्ती
गुरुवार, ७ मार्च

मिस्त्रीसाहेब,

तुमी म्हणाल तसं. गाडीशिवाय दुसरं लिहीत न्हाई. पण आज गुरुवार हाय आन् आजची खेप चुकली, हे गाडीचंच हाय म्हणून लिहिते.

उद्या महाशिवरात्र. तालुक्यातली प्रत्येक जीप, प्रत्येक पिकअप परळीच्या वाटंला लागलीय. चार दिवसांचं बुकिंग झालंय. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती जत्रेच्या बंदोबस्ताला उभी. शेजारी म्हणाले एसटीनं न्या. मागं एकदा एसटीनं नेलं तवा आत्याबाई उभ्या गर्दीत चक्कर येऊन पडल्या, हाताची सुई लावायची शीर फुगली, दोन खेपा वाया गेल्या. मोटरसायकलवर त्या बसू शकत न्हाईत. मी आज सकाळी सहापासून फाट्यावर हात करत उभी व्हते. अकराला माघारी आले.

आता बोल्ट. तुमी सांगितलं तसं सगळं केलं. दोन दिवस ऑइल पाजतेय. आरसा आन् मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. ह्या गाडीत उलटं हाय. डोकं पुढं हाय आन् नट मागं. पुढून डोक्याला पाना लागतो, जोर लावला की फिरतं, पण मागचा नटबी त्याच्या संगं फिरतो. नट जिथं हाय तिथं एका बाजूनं चेसी, एका बाजूनं आर्म आन् वरून सायलेन्सरचा पाइप. पाना आत नेला तर वळत न्हाई. नटाच्या मागं तांब्याची तार गुंडाळल्याली दिसली, तीन येढे, टोक आत वळवलंय.

नुसता हात गेला तर जाईल. माझा मनगटापर्यंत गेला. छोटा पाना हातात धरून मी नट धरीन, पण मग पुढून डोकं कोण फिरवणार? तेवढं सांगा.

योगिता


केज
शुक्रवार, ८ मार्च

गाडीमालकास,

ती गाडी सोडा. भंगारात घाला. तिच्यात काई राम ऱ्हायला न्हाई.

हात आत घालू नये. एकदा घातला ते घातला, पुन्हा घालू नये.

दुसरी काई सोय बघा. ह्या कामाचं ह्यापुढं मला विचारू नका.

बंकट मिस्त्री


वस्ती
शुक्रवार, ८ मार्च, दुपार

आप्पा,

मिस्त्रीसाहेब गेले उडत. आता मी तुमची लेक म्हणूनच लिहिते, वाचायचं तर वाचा न्हाईतर भट्टीत घाला.

दुसरी सोय बघा म्हणता. कुठली बघू ते तर लिहा. आज उजाडल्यापासून आत्याबाईंचं तोंड सुजलंय, डोळे उघडंनात. पाय दाबला की खड्डा पडतो आन् तसाच ऱ्हातो. आडवं पडलं की दम कोंडतो, म्हणून ज्वारीच्या पोत्याला टेकवून बसवलंय. पाणी मागतात. पाणी द्यायचं न्हाई. कापूस ओला करून ओठाला लावते आन् त्या माझ्याकडं बघत ऱ्हातात. दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले सोमवार चुकवू नका, पाणी छातीत चढलं तर आमच्या हातात ऱ्हाणार न्हाई.

त्या काय म्हणाल्या सांगू? "योगिता, मेंढरू पडलं म्हणून कळप थांबत न्हाई. तू गाडीखाली जाऊ नको." मी म्हणाले, मी मेंढरंवाल्याच्या घरची सून हाय, लेक मिस्त्र्याची हाय. मिस्त्री थांबतो. गाडी नीट होईस्तवर थांबतो. हे तुमीच मला शिकवलंय, आन् आज तुमी म्हणता भंगारात घाला.

मला म्हाईत हाय तुमी कावून असं म्हणता. ह्या घरची माणसं तुमाला अजूनबी माणसं वाटत न्हाईत. त्यांची म्हातारी मेली काय आन् ऱ्हायली काय. आई गेली तवा दहाव्याला मला फाट्यावरूनच परत पाठवलं. चुलत्यानं हात जोडले, म्हणला, "तुझ्या बापाचं ऐक." मी ऐकलं. पिंडाला कावळा शिवला का न्हाई तेबी मला म्हाईत न्हाई. त्या दिवशी ही कडूबाई मला पोटाशी धरून बसली व्हती, दिवसभर, चूल न पेटवता. तिच्यासाठी मी माझा हात घालणार. एकटी घालणार. पुढच्या पान्याला दोरी बांधून पायानं ओढीन.

तुमच्या उत्तराची वाट बघत न्हाई.

योगिता


केज
शनिवार, ९ मार्च

योगे,

हात घालू नको. आधी हे पत्र पुरं वाच.

ती गाडी मी ओळखली. तांब्याच्या तारेचे तीन येढे लिहिलंस तवाच ओळखली. भागवतनानाची गाडी ती, दहा वर्षांमागं आपल्या गॅरेजात आलती. नानाला दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या सोयरिकीला लातूरला जायचं व्हतं. बोल्ट नीट घालायचा तर आधी सायलेन्सरचा पाइप खोलायला पायजे व्हता, त्याला अर्धा दिवस गेला असता. मी तो उलटा घातला, पुढून. मागचा नट लावायला माझा पंजा आत जाईना. तुझा गेला. तूच नट लावलास आन् तूच तार गुंडाळलीस. म्हणलीस, "आप्पा, आता हा बोल्ट माझ्याशिवाय कुणाला निघायचा न्हाई." मी हसलो व्हतो. तुला आठवत नसंल, तू असल्या शंभर गाड्यांत हात घातला असशील. मला आठवतं.

तर चूक माझी हाय. घाईत केल्यालं काम दहा वर्षांनी माझ्याच लेकीच्या दारात जाऊन उभं ऱ्हायलं. भंगारात घाला म्हणलं ते तुझ्या सासूला मरू द्यावं म्हणून न्हाई. त्या फटीत हात असताना आर्म सुटला तर हात ऱ्हात न्हाई. परळीत एकाचा गेल्याला मी डोळ्यांनी बघितलाय. हे तुला लिहायला पायजे व्हतं. लिहिलं न्हाई, कारण लिहिलं असतं तर तू म्हणली असतीस, मग तुमी या. आन् मी काय उत्तर दिलं असतं?

आता येतो. उद्या साडेदहाच्या गाडीनं सुग्रीवसंगं. नवा बोल्ट, बुश, दोन जॅक, सगळं आणतो. वडवणीवाला कापायचं म्हणतो, मी गाडी कापत न्हाई. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गाडीला आरी लावली न्हाई. खोलूनच काढू. पुढून मी, मागून तू.

पण योगे, शपथ वैजनाथाची हाय. यंदा पहिल्यांदा शिवरात्रीला परळीला गेलो न्हाई, तुझ्या पत्राची वाट बघत गॅरेजात बसलो. तेवढं मोडलं, शपथ मोडायची हिंमत न्हाई. तिथं आलो तरी मी तोंडानं बोलणार न्हाई. चेसीवर पान्यानं ठोके मारीन. एक ठोका म्हंजी नट धर. दोन म्हंजी सोड. तीन म्हंजी हात भायेर काढ. ध्यानात ठेव. पुन्हा लिहितो, तीन म्हंजी हात भायेर.

बंकट


वस्ती
शनिवार, ९ मार्च, दुपार

आप्पा,

या. एक धर, दोन सोड, तीन हात भायेर.

मीबी बोलणार न्हाई. तुमाला सोपं जाईल. फळी न्हाई मिळाली, दाराची एक फळी काढून ठेवलीय. आत्याबाईंना आज अन्न गेलं न्हाई. लवकर या, चालत यायला लागलं तर फाट्यावरून दीड मैल हाय, ऊन होईल, पागोटं बांधा.

योगिता


केज
मंगळवार, १२ मार्च

योगे,

आज दुपारी तुमा दोघींना बीडहून वस्तीवर सोडलं आन् एसटीनं माघारी आलो. दोन दिवस दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून व्हतो. तू डाव्या हातानं पाण्याची बाटली माझ्यापुढं धरलीस, मी घेतली. एवढंच. रस्त्यानंबी बोललो न्हाई. म्हणून हे लिहितो.

काय झालं ते तुला म्हाईत हाय, पण वरून काय दिसलं ते मलाच म्हाईत हाय.

एक ठोका मारला, तू नट धरलास. मी पाइप लावून डोकं दाबलं. दोनदा सटकलं, तिसऱ्यांदा कड्कन आवाज आला आन् नट सुटला. दहा वर्षांचा गंज. मला आनंद झाला, खरं सांगतो. तू आतून नट बोटानं फिरवत व्हतीस, मला नुसतं तुझं कोपर दिसत व्हतं. तेवढ्यात आर्मखालच्या जॅकची फळी एका अंगानं मातीत जाताना दिसली. हळू जात व्हती. मला दिसलं, योगे. दिसायला आन् कळायला दोन्हीला टाइम व्हता.

"हात" एवढा एक शब्द. तोंड उघडलं व्हतं मी. आन् तोंडाच्या आधी माझा पाना चेसीवर गेला. एक. दोन. तिसरा पडायच्या आधी आर्म खाली आला.

तू ओरडलीसबी न्हाई. हात ओढलास आन् बघत बसलीस. मधल्या दोन बोटांची पेरं गेलेली. मी डोक्याचं पागोटं फाडून बांधलं. तू पहिल्यांदा काय केलंस तर ओसरीकडं बघितलंस, कडूबाई पोत्याला टेकून तोंडानं श्वास ओढत व्हती. आन् मग तू माझ्याकडं बघितलंस, गाडीकडं बोट केलंस. गाडी व्हईस्तवर ना तुला दवाखाना, ना तिला.

मग मी आरी काढली. सायलेन्सरचा पाइप कापला. दहा मिनिटं लागली. जे काम मी इज्जतीपायी करत नव्हतो त्याला दहा मिनिटं लागली. पाइप निघाला तशी मागं एवढी जागा झाली की माझा अख्खा पंजा आत गेला. नवा बोल्ट जसा पायजे तसा मागून घातला. नट दोनदा खाली पडला. अर्ध्या तासात चाक लावलं. आधीच पाइप कापला असता तर तुला हात घालायलाच लागला नसता.

बिनसायलेन्सरच्या गाडीचा तो आवाज. वडवणीपासून बीडपर्यंत माणसं वळून बघत व्हती. मागं तुमी दोघी एकमेकींना धरून, आन् मी पुढं मुका. डॉक्टर म्हणला, म्हातारीला आणायला अजून दोन तास लागले असते तर उपयोग नव्हता. तिला मशीनला लावलं. तुला दुसऱ्या खोलीत नेलं. मी मधल्या जिन्यावर बसलो.

माफी लिहून मागता येती का, मला म्हाईत न्हाई. तुझा हात बरा व्हायला तीन महिने लागतील. स्टेअरिंग धरता यायचं न्हाई. सोमवार आन् गुरुवार गाडी मी चालवीन. दुधाच्या टेम्पोनं पहाटे पाचला वस्तीवर येत जाईन. बोलणार न्हाई, पण येईन.

बंकट


वस्ती
बुधवार, १३ मार्च

आप्पा,

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर लागलं तर बघा.

मी ओरडले न्हाई, कारण मी मोजत व्हते. एक ठोका पडला. मला वाटलं धर. मग दुसरा. मला वाटलं सोड. मी तिसऱ्याची वाट बघत व्हते, आप्पा. हात तिथंच ठेवून मोजत व्हते. तुमी नुसतं "योगे" म्हणला असता तर मोजायला लागलं नसतं.

तुमच्या गॅरेजात मी दहा वर्षं हाताखाली व्हते. "सोड गं", "धर गं", "डोळे फुटले का", दिवसभर तुमचं तोंड चालू असायचं. माझं एक नख गेलं न्हाई तवा.

मला राग हाय. लई राग हाय. दुखतंय म्हणून न्हाई. आत्याबाई वाचल्या, दोन बोटांच्या पेरांत त्या मला मिळाल्या, मी एका शब्दानं तक्रार करणार न्हाई. पण दोन दिवस तुमी चार हातांवर बसून व्हता आन् मला दुखतंय का एवढं विचारलं न्हाई. वैजनाथाला माझी बोटं चालली, तुमचा शब्द चालला नसता का?

उद्या गुरुवार. गाडी चालवायला दुसरं कुणी न्हाई, हे तुमाला म्हाईत हाय आन् मलाबी. मी म्हणाले असते, या, मुक्यानं या. आत्याबाईंसाठी मी तेबी सोसलं असतं. पण तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं आन् म्हणाल्या, "त्या मिस्त्र्याला लिही. मुक्या माणसाच्या गाडीत मी पुन्हा बसायची न्हाई. मला मशीन नको. लेकीला हाक मारता येत नसंल त्यानं माझा जीव वाचवायच्या भानगडीत पडू नये." मी समजावलं, रडले, पाया पडले. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्यात. कडूबाई हाय ती. बोलली की बोलली.

मी आता पत्र लिहिणार न्हाई. तुमचं आलं तर सुग्रीवमामांना न वाचता माघारी देईन. जे काय असंल ते दारात येऊन बोला.

योगिता


गुरुवार, १४ मार्च
वस्ती

योगे,

हे पत्र सुग्रीवच्या हाती दिलं न्हाई. मीच आणलंय. तुझ्या दारात उभा ऱ्हाऊन वाचतोय. नऊ वर्षं तुझ्याशी बोललो न्हाई, तोंडाला ऐन वक्ताला काय सुचंल भरवसा न्हाई, म्हणून लिहून आणलं. आवाज फुटला तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन. कडूबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचतोय.

दुखतंय का गं?

हे पहिलं विचारायचं व्हतं. जिन्यावर बसलो तवाच विचारायचं व्हतं.

आता दुसरं. शपथेचं, वैजनाथाचं तू विचारलंस. त्याचा काई दोष न्हाई. पहिल्या वर्षीच माझा राग गेला व्हता. तुझी आई रोज म्हणायची, चला, लेकीला भेटून येऊ. मी म्हणायचो, शपथ हाय. लोक म्हणायचे, बंकट मिस्त्री शब्दाचा पक्का. मला ते गोड वाटायचं. खरं सांगतो, लई गोड वाटायचं.

तुझी आई, केशर, गेली त्या दिवशी सकाळी ती म्हणली, "योगीला बोलवा, मला तिला बघायचंय." मी म्हणलं, उद्या बोलवू. दुपारच्या आत ती गेली. तुला फाट्यावरून परत पाठवलं ते शपथेपायी न्हाई. तू आली असतीस तर विचारलं असतंस, आई शेवटी काय म्हणली. आन् मला सांगावं लागलं असतं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, शपथ माझ्या सोयीला आली. पिंडाला कावळा दोन तास शिवत नव्हता. सगळे म्हणत व्हते हिचं कशात मन गुंतलंय. मला म्हाईत व्हतं कशात. मी पिंडापुढं तुझं नाव घेतलं, हळू, कुणाला ऐकू न जाईल असं. तवा शिवला. तेवढं एकदा घेतलं, नऊ वर्षांत.

तू आता मला आत घेतलं न्हाईस तरी चालंल. शिव्या दे, चालंल. पण कडूबाईला म्हणावं, मिस्त्र्यानं लेकीला हाक मारली, आता गाडीत बसा. साडेसहाला निघालो तर नऊला मशीन मिळंल.

कागदावर एवढंच हाय. पुढचं काई लिहून आणलं न्हाई. तू विचार, मी सांगतो.